स्वप्नातली नक्षी

केळीच्या सोपटाचे दोर आपण वापरतो. पण सोपटाचं कापड पाहिलंत का?

फिलिपाइन्स देशात मिंदानाव बेट आहे. तिथल्या डोंगरात त्बोली लोक राहतात. आबाका नावाची केळीच्या जातीची झाडं तिथे होतात. बायका सोपटाचे तंतू काढतात, गाठी मारून जोडतात. पाल्याचा काळा, मुळांचा तांबडा रंग देतात. मागाचं एक टोक घराला, दुसरं कमरेला बांधून विणतात. हे कापड म्हणजे 'त्नालाक'.

नक्षी कागदावर नसते. ती स्वप्नात दिसते, असं ते लोक मानतात.

लांग दुलाय या बाईंना शंभरेक नक्ष्या पाठ होत्या. आपल्यामागं त्या बुडतील! म्हणून त्यांनी मुलींना विणायला शिकवलं. १९९८ साली सरकारनं त्यांचा गौरव केला. २०१५ साली त्या वारल्या. नक्षी मात्र राहिली.

विद्या दिली, तरच टिकते.