यंत्र बांधण्याआधी तोल तपासा

तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकीमार्गे इंदापूरला जाते. बेलवाडीच्या गोल रिंगणापर्यंत तरी सोबत चालायचं, ही माझी सत्तरीतली हौस. त्यासाठी मुलानं कमरेला बांधायचं चालण्याचं यंत्र आणलं. "बांधा आणि चाला," असं विक्रेता म्हणाला. दुकानातल्या फरशीवर पाय खरंच हलके वाटले.

सरावाला कालव्याकडेच्या खडीच्या वाटेवर गेले. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, मी थबकले. यंत्रानं मात्र पुढच्या पावलाचा रेटा दिलाच. सुनेनं दंड धरला म्हणून पडले नाही. मांडीचे पट्टे साडीवरून घसरत होते ते वेगळंच.

मग फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्यांनी उलगडून सांगितलं: हे यंत्र खुब्याच्या हालचालीवरून चाल ओळखतं आणि मोटरच्या जोरावर मांडी पुढे न्यायला मदत करतं. माझं दुखणं गुडघ्यात, शिवाय तोलही कच्चा. होंडानं असं यंत्र जपानमध्ये २०१५ साली भाड्यानं द्यायला सुरुवात केली, तीही रुग्णालयांना. त्यामागे १९९९ पासूनचं संशोधन होतं. असं यंत्र मुळात जाणकाराच्या देखरेखीखाली वापरायचं.

म्हणून घ्यायचं मनात असेल, तर एवढं करा:

• आधी गुडघे, नजर, रक्तदाब आणि तोल तपासून घ्या. उभं राहताना चक्कर येत असेल, तर यंत्र नकोच.
• मधुमेह असेल, तर पट्ट्याखालची कातडी रोज बघा. पायाला बधिरपणा असला की घासलेलं कळत नाही.
• साडी-धोतरावर पट्टे बसत नाहीत. सलवार किंवा पँट घाला.
• आपण रोज चालतो त्या वाटेवर चाचणी मागा. विक्रेता नाही म्हणाला, तर सरळ परत फिरा.
• सुरुवात सपाट जागी, कमी जोरावर करा आणि शेजारी माणूस ठेवा.
• दुरुस्ती कुठे होते, बॅटरी किती चालते, हे पैसे देण्याआधी विचारा.

पुष्कळांचं काम काठी किंवा वॉकरवरच भागतं. त्यासाठी २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षं पूर्ण झालेल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या पात्र ज्येष्ठांना एकरकमी ३,००० रुपये मिळतात.

यंत्र पाऊल उचलायला मदत करतं, पडणाऱ्याला सावरत नाही. तेव्हा आधी तोल तपासा, किंमत नंतर विचारा.