नदीचा वाटा

बाजारात तुम्ही रावस मासा पाहिला असेल. काही लोक त्याला 'इंडियन सॅमन' म्हणतात. पण खरा सॅमन वेगळा. तो थंड प्रदेशातील मासा आहे. आज आपण अमेरिकेतील अलास्का राज्यातील सॅमनची हकिकत वाचू या.

सॅमनचे जीवन विलक्षण आहे. त्याचा जन्म नदीच्या गोड्या पाण्यात होतो. पुढे तो समुद्रात जातो. तेथे मोठा होऊन तो आपल्या जन्माच्या नदीकडेच परततो. त्या नदीच्या पाण्याचा वास त्याला वाट दाखवतो. प्रवाहाच्या उलट पोहत हे मासे वर जातात. तेथे मादी अंडी घालते. त्यानंतर अलास्कातील सॅमन मरून जातात.

परतणारे सगळे मासे नदीच्या मुखाशी एकत्र येतात. तेथे जाळे लावले की ते हमखास सापडतात. पण सगळेच पकडले, तर अंडी कोण घालणार?

अलास्कात जवळजवळ असेच घडले. मासे डबाबंद करणाऱ्या कंपन्यांनी किनाऱ्याजवळ लाकूड व तारेचे प्रचंड सापळे उभारले. 1936 साली तेथे 12 कोटींहून अधिक सॅमन पकडले गेले. 1959 साली हा आकडा सुमारे अडीच कोटींवर आला. मच्छीमारांची इतकी वाताहत झाली, की 1953 साली सरकारला तो आपद्ग्रस्त भाग म्हणून जाहीर करावा लागला.

1959 साली अलास्का स्वतंत्र राज्य झाले आणि सापळ्यांवर बंदी आली. नवा नियम साधा होता : आधी नदीचा वाटा, मग माणसाचा. प्रत्येक नदीत किती मासे वर गेले पाहिजेत, हे ठरवले जाते. ब्रिस्टल उपसागराला मिळणाऱ्या नद्यांच्या काठी मनोरे आहेत. मनोऱ्यावरचा माणूस दर तासाला 10 मिनिटे, पाण्यातून जाणारे मासे मोजतो. पुरेसे मासे वर जात असतील, तर मासेमारी सुरू. नसतील, तर बंद. 1973 च्या कायद्याने मासेमारीच्या परवान्यांवरही मर्यादा आली. 2022 साली या उपसागरात सुमारे 7 कोटी 90 लाख सॅमन परतले!

मात्र सगळीकडे असे यश आले नाही. युकॉन नदीतील चिनूक जातीचे सॅमन फार कमी झाले. म्हणून 2024 साली अलास्का व कॅनडा यांनी तेथील चिनूकची मासेमारी 7 वर्षे थांबवण्याचा करार केला. नदीकाठचे आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या हा मासा धुरावर सुकवून हिवाळ्यासाठी ठेवत आले आहेत. आता मासाच नाही, तर तो कापायला व सुकवायला मुलांना शिकवायचे कसे? समुद्रात दुसरे मासे पकडणाऱ्या मोठ्या जहाजांच्या जाळ्यांतही चिनूक सापडतात. मग आम्हीच का थांबावे, असे ते विचारतात. त्यांचा प्रश्न रास्त आहे. नियम सर्वांना सारखा वाटला, तरच लोक तो मनापासून पाळतात.

मुलांनो, आपल्या कोकण किनाऱ्यावरही दर पावसाळ्यात यंत्रावर चालणाऱ्या बोटींची मासेमारी बंद असते. त्या काळात कोळ्याच्या घरी पैशांची चणचण असते. तरीही तो थांबतो. शेतकरी उपाशी राहील, पण पेरणीचे बियाणे खाणार नाही. समुद्राचे बियाणेही असेच जपायला हवे.

स्वाध्याय

1. सॅमनला आपली नदी कशी सापडते?
2. मनोऱ्यावरचा माणूस कोणते काम करतो? त्याचा उपयोग काय?
3. युकॉन नदीकाठच्या लोकांचा प्रश्न तुम्हांला पटतो का? पाच वाक्यांत लिहा.
4. वाक्यांत उपयोग करा : हमखास, वाताहत होणे, चणचण असणे.