तयार कपड्यांमागचे हात

बांगलादेशची राजधानी ढाका हिच्या जवळ सावर नावाचे गाव आहे. तेथील 'राणा प्लाझा' ही आठ मजली इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी सकाळी कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. इमारतीत तयार कपड्यांचे पाच कारखाने होते व त्यांचा माल युरोप-अमेरिकेतील दुकानांत जात असे.

आदल्या दिवशीच इमारतीला तडे गेले होते. खालच्या मजल्यांवरील बँक आणि दुकाने बंद ठेवण्यात आली. शिवणकामगारांना मात्र कामावर बोलावले गेले. न आल्यास पगार कापण्याची भीती घालण्यात आली. त्या वेळी त्यांचे किमान वेतन महिन्याला अवघे ३,००० टका होते. पाचांपैकी एकाही कारखान्यात कामगार संघटना नव्हती. एकट्या बाईच्या नकाराला तेथे कोण विचारतो?

या दुर्घटनेला जबाबदार कोण? परवानगीविना मजले चढवणारा मालक तर होताच. परदेशी कंपन्या म्हणत, की कारखाने आमचे नाहीत, आम्ही केवळ माल मागवतो. हे खरे, परंतु भाव आणि मुदत यांवर त्यांचाच वरचष्मा असे. काही कारखान्यांची तपासणीही पूर्वी झालेली होती. तीत इमारतीच्या मजबुतीचा विचारच नव्हता!

ग्राहकाचे काय? कपड्यावरील चिठ्ठी देश सांगते, कारखाना नव्हे. बहिष्काराने त्याच स्त्रियांचा रोजगार बुडण्याचा संभव अधिक. त्यापेक्षा परदेशांतील लक्षावधी लोकांनी निवेदनांवर सह्या करून कंपन्यांकडे सुरक्षेचा करार मागितला, हे अधिक शहाणपणाचे झाले.

मे २०१३ मध्ये कंपन्या व कामगार संघटना यांच्यात तसा करार झाला. पुढे त्यात दोनशेहून अधिक कंपन्या सामील झाल्या. स्वतंत्र अभियंत्यांकडून तपासणी, जाहीर अहवाल आणि धोका दिसताच काम नाकारण्याचा कामगाराचा हक्क त्यात होता. मुख्य म्हणजे तो कायद्याने बंधनकारक होता. कामगार महासंघांनी २०१६ मध्ये दोन कंपन्यांविरुद्ध हेग येथे लवादाकडे दाद मागितली, तेव्हा त्यांपैकी एकीने २०१८ मध्ये २३ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

मृतांच्या वारसांसाठी व जखमींसाठी ठरवलेला ३ कोटी डॉलरचा निधी मात्र ऐच्छिक देणग्यांवर सोपवलेला होता. तो पुरा व्हायला जून २०१५ उजाडला.