जात्याशी बोलणे : ओवीतील वस्तुसंबोधन

अचेतन वस्तूंना सचेतनाचे गुणधर्म बहाल करणे म्हणजे चेतनगुणोक्ती, ही व्याख्या तुमच्या परिचयाची आहे. जात्यावरच्या ओव्यांकडे वळताना ती क्षणभर बाजूला ठेवा. दळणारी स्त्री जात्याला ‘ईश्वर’ म्हणून हाक मारते, हे पाहून ‘येथे चेतनगुणोक्ती साधली आहे’ असे उत्तरपत्रिकेत लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. ते उत्तर चुकीचे नाही, अपुरे आहे.

अलंकार योजणारा कवी वस्तू जड आहे असे गृहीत धरून कल्पनेने तिला जिवंत करतो. जात्याच्या बाबतीत क्रम उलटा आहे. दळायला बसताना बाई जात्याला नमस्कार करते. त्याला पाय लागला तर हात जोडते. लग्नघरी हळद दळण्यापूर्वी त्याला हळदकुंकू वाहिले जाते. म्हणजे हे संबोधन ओवीत येण्याआधी आचारात रुजलेले असते.

एडवर्ड टायलर या मानववंशशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये ‘प्रिमिटिव्ह कल्चर’ या ग्रंथात अशा श्रद्धांचा विचार जडप्राणवाद, म्हणजे ॲनिमिझम, या संज्ञेखाली केला आणि त्यांना मानवी विचाराच्या प्राथमिक अवस्थेत जागा दिली. ही उतरंड आपल्याला फारशी उपयोगी नाही. जात्याला ईश्वर म्हणणारी तीच बाई, दळण जाडेभरडे पडू लागले की पाथरवटाला बोलावून त्या ईश्वराला टाकी लावून घेते! दगड हा दगड आहे, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही.

मग ती त्याच्याशी बोलते का? प्रसंग डोळ्यांसमोर आणा. पहाटेची वेळ, घर निजलेले, हातात खुंटा. माहेरची आठवण, भावाची वाट, सासरचा जाच यांपैकी काहीही घरात मोठ्याने बोलण्याची सोय नाही. जात्याच्या घरघरीत मात्र गळा मोकळा करता येतो. तिला श्रोता हवा आहे आणि समोर बसलेला, तिच्या हाताबरोबर फिरणारा श्रोता जाते हाच आहे. कवितेतून अलंकार वगळला तर शोभा जाते. येथून संबोधन वगळले तर ऐकणाराच नाहीसा होतो.

दिव्यांच्या अवसेच्या कहाणीत तर वस्तूच बोलतात. खोट्या आळामुळे घराबाहेर काढलेल्या सुनेची बाजू माणसांपैकी कोणी घेत नाही. तिने मनोभावे पुजलेले दिवे अवसेच्या रात्री झाडावर जमतात, एकमेकांना तिची हकिकत सांगतात. ती राजाच्या कानी पडते आणि ती सन्मानाने घरी परतते. जात्याने जे ऐकून घ्यायचे, ते येथे दिवे बोलून दाखवतात.

पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्यात गेली. हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांतील स्त्रियांकडून संकलित केलेल्या ओव्यांची संख्या १,००,००० हून अधिक आहे; हा ठेवा तुम्ही अवश्य चाळावा.

स्वाध्याय : केरसुणी, पुस्तक, वजनकाटा किंवा वाहन यांपैकी कशालाही पाय लागल्यावर तुमच्या घरातील वडीलधारी माणसे काय करतात, काय म्हणतात, ते विचारून नोंदवा. त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत लिहा. प्रमाणभाषेत बदलू नका.