दारू सोडविण्याचा बाजार

हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरीचा रस्ता मिळतो. गाडीची वाट पाहत आपण तेथे उभे राहतो. अशा तिठ्यांवर, स्टँडवर, विजेच्या खांबांवर एखादा कागद डकवलेला असतो. दारू सोडवा, घरच्या घरी सोडवा, पिणाऱ्याला न सांगता सोडवा, असे त्यावर छापलेले असते. खाली फोनचा नंबर असतो.

हा कागद सगळ्यांत लक्ष देऊन कोण वाचते? जिच्या घरात दारू शिरली आहे, ती बाई वाचते.

समजा, अशाच एका बाईने तो नंबर लावला. पलीकडचा माणूस गोड बोलतो.

"वैनी, काळजी सोडा. रात्री गाडी येईल. चार माणसं येतील नि उचलून नेतील. तुम्ही पैसे तेवढे तयार ठेवा."

"पण तिथं डॉक्टर असतील ना हो?"

"सगळं आहे. मात्र तीन महिने भेटायला यायचं नाही. तुम्हांला बघून ते रडणार, मग उपचार बिघडतो."

बाई हातातल्या बांगड्यांकडे पाहते. काजूचे पैसे किती आले, ते मनात मोजते.

मंडळी, येथे जरा थांबू. आपण हिशेब शिकलो आहोत. तो येथे मांडू.

समजा, महिन्याचे १५ हजार रुपये. तीन महिन्यांचे झाले ४५ हजार. त्यातले १० हजार गिऱ्हाईक आणणाऱ्या दलालाचे. उरले ३५ हजार. आता मालकाने डॉक्टर ठेवला नाही, नर्स ठेवली नाही, एका खोलीत बारा माणसे कोंबली आणि जुन्या रोग्यांनाच राखणीला बसवले, तर त्याचा खर्च किती? डाळभाताचा. बाकी सगळा नफा.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. माणूस जितके दिवस आत, तितकी मालकाची कमाई. तो लवकर बरा झाला तर मालकाचे नुकसान. तो बाहेर येऊन पुन्हा प्यायला, तर पुन्हा ४५ हजार! दुखणे टिकण्यात ज्याचा फायदा आहे, त्याच्या हाती आपण दुखणेकरी देतो.

हा बाजार चालतो कसा? एक कारण लाज. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून आपण गुपचूप जातो आणि गुपचूप फसतो. दुसरे कारण उपचारांची टंचाई. २०१९ साली भारत सरकारने एक पाहणी प्रसिद्ध केली. दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ माणसांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळतात, असे तीत आढळले. विहीर आटली की पाणी विकणारे येतात, तसे हे.

यात पैसाच जातो असे नव्हे, जीवही जातो. रोज खूप पिणाऱ्याची दारू एकदम तोडली, तर हात कापतात, झटके येतात, दोन-चार दिवसांत भ्रम होतो. त्या वेळी डॉक्टर आणि औषध जवळ हवे. कुलूप लावलेली खोली तेव्हा माणसाला मारू शकते. न सांगता द्यायच्या पुडीचेही तसेच. दारू सोडविण्यासाठी डायसल्फिराम नावाची गोळी असते. ती डॉक्टर रोग्याला सांगून, त्याच्या संमतीने देतात. ती पोटात असताना माणूस दारू प्यायला, तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. नकळत घातलेली गोळी प्राणावर बेतते.

कायदा काय म्हणतो? २०१७ सालचा मानसिक आरोग्य सेवा कायदा व्यसनाच्या रोग्यालाही लागू आहे. नोंदणी नसलेले केंद्र चालविता येत नाही. नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी जागी लावावे लागते. रोग्याला साखळीने बांधणे, जबरीने मुंडण करणे, सक्तीने राबवून घेणे यांना मनाई आहे. घरच्यांना भेटण्याचा नि फोनवर बोलण्याचा त्याला हक्क आहे. तो स्वतः निर्णय घेऊ शकत नसेल, तर घरच्या प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल करता येते; पण आधी दोन जाणकारांनी त्याला वेगवेगळे तपासावे लागते. त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञ हवा. तेही प्रथम ३० दिवसांपुरतेच. रात्री गाडीत घालून नेणे कोणत्या कायद्यात बसते, ते तुम्हीच सांगा.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतही रोगी पुरवणारे दलाल माजले होते. अशी दलाली घेणे-देणे हा गुन्हा ठरविणारा कायदा तेथे २०१८ साली करावा लागला.

मग सगळीच केंद्रे वाईट का? मुळीच नाही. डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केले. पु. ल. देशपांडे यांनी त्याला देणगी दिली. तेथे रोग्याबरोबर घरच्या माणसांनाही बोलावून समजावतात. सरकारी अनुदानावर चालणारी केंद्रेही आहेत. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांना तर फी नसते.

तेव्हा पैसे देण्यापूर्वी पाच गोष्टी विचारा.

१. नोंदणीचे प्रमाणपत्र कोठे आहे?
२. डॉक्टर कोण, आणि ते केव्हा येतात?
३. आम्हांला केव्हा भेटता येईल?
४. पैशाची पावती मिळेल का?
५. घरी आल्यावर पुढची देखरेख कोण करील?

उत्तर देताना जो चिडेल, त्याला दुरून नमस्कार करा.

हातखंब्याच्या माणसाला फार लांब जायला नको. रत्नागिरीला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तेथील डॉक्टरांना आधी विचारा. १४४४६ या नंबरावर व्यसनमुक्तीचा सल्ला फुकट मिळतो.

आपल्या गोष्टीतली बाई अजून फोन हातात धरून उभी आहे. तिला वाचता येत असेल, तर ती हे पाच प्रश्न विचारील. येत नसेल, तर तिला वाचून दाखविणे हे आपले काम.

प्रश्न

१. रोगी लवकर बरा झाला तर लबाड मालकाचे नुकसान कसे होते?
२. न सांगता औषध देण्यात धोका कोणता?
३. तुमच्या गावात असा कागद लागला असेल, तर त्यावर काय लिहिलेले नाही, ते शोधा.