घाणेरी काढू की ठेवू?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या कुंपणाला घाणेरी माजली आहे. फुलपाखरं तिच्यावर सतत असतात. काहीजण ती उपटा म्हणतात. काय करावं? – एक वाचक, पुणे

उत्तर : काढा, पण एका दिवसात नको. घाणेरी मूळची अमेरिका खंडातली. इंग्रजांच्या काळात शोभेसाठी आली आणि रानभर पसरली. फुलपाखरं तिचा मध पितात हे खरंच. पण आपल्या फुलपाखरांच्या अळ्यांना तिची पानं चालत नाहीत. म्हणजे खानावळ आहे, पाळणाघर नाही. शिवाय तिची काळी फळं खाऊन पक्षी बिया टेकडीवर नेतात, ही मला सर्वांत मोठी काळजी वाटते.

आधी पर्याय लावा. रुई, कोरांटी, अडुळसा, कढीपत्ता, लिंबू. लिंबाच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा ठिपका दिसला तर तो पुसू नका. हलकेच काडी लावून बघा, डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर आली तर ती फुलपाखराची अळी आहे. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मनही लिंबूवर्गीय झाडांवरच अंडी घालतं. पानं कुरतडली जातील, ती जाऊ द्यात. फवारणी मात्र बंद!

नवी झाडं फुलू लागली की फळं पिकण्याआधी घाणेरी काढा. नुसती छाटली तर दुप्पट फुटते. जमिनीखाली दोन-तीन इंचांवर मुख्य मूळ तोडा आणि झुडूप उलटं करून वाळवा. पुढच्या पावसाळ्यात रोपं पुन्हा उगवतील, ती लहान असतानाच उपटा.