अनुदान लांबले, तरी औषध थांबू नये

महिन्याची दहा-बारा तारीख उलटली की विहारात वंदनेनंतर एक प्रश्न हमखास कानावर येतो : "ताई, तुमचे आले का हो पैसे?" विचारणारी एखादी आई असते. तिच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी असते, सोबत फिटचा आजार असतो. गोळ्यांचे पाकीट संपत आलेले असते आणि बँकेत तिसरा हेलपाटा झालेला असतो. बँक म्हणते तहसीलला जा, तहसील म्हणते बँकेत विचारा. या दोन दारांमध्ये आठवडा जातो. मग ती माउली दोन वेळची गोळी एकदाच देऊ लागते.

म्हणूनच हा विषय आरोग्याच्या पानावर घेतला आहे. अनुदान अडकणे ही कागदाची अडचण दिसते, पण तिचा पहिला घाव औषधावर आणि ताटातल्या डाळीवर बसतो. आपल्या राज्यात दिव्यांगांना संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना यांतून दरमहा अर्थसाहाय्य मिळते. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ही रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून १,५०० वरून २,५०० रुपये झाली. रक्कम मोठी नाही, पण ज्या घरात दुसरा आधार नाही तिथे महिन्याचे औषध तिच्यावरच चालते. ती लांबली तर काय करायचे, ते क्रमाने पाहू.

आधी औषध, मग कागद

पैसे कधी येतील ते आपल्या हातात नाही. औषध चालू ठेवणे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. काही औषधे एक दिवसही मनाने बंद करायची नसतात किंवा अर्धी करायची नसतात.

फिटची गोळी अचानक बंद केली तर झटके परत येतात, कधी एकामागून एक येत राहतात. झटका पाच मिनिटांहून जास्त चालला तर रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. मानसिक आजाराच्या गोळ्या रुग्णाला बरे वाटते म्हणून किंवा पैसे नाहीत म्हणून थांबवल्या, तर आजार उलटतो आणि महिन्यांची मेहनत वाया जाते. इन्सुलिन, रक्तदाबाची गोळी यांचेही तसेच.

विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचा समावेश आहे, हे अजून अनेक घरांना माहीत नाही. सिकलसेलच्या रुग्णाने हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालू ठेवावे, भरपूर पाणी प्यावे, थंडीपासून जपावे. ताप आला तर पैशांची वाट पाहत घरी थांबू नये.

पाठीच्या कण्याला इजा झालेल्या रुग्णाच्या घरी पैसे तुटले की कॅथेटर आणि डायपर जास्त दिवस वापरले जातात. त्यातून लघवीचा संसर्ग होतो, पाठीला जखमा होतात. दर दोन तासांनी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे आणि लाल डाग रोज तपासणे याला पैसे लागत नाहीत. हे कधीही चुकवू नये.

मग औषध आणायचे कुठून? १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. खाजगी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तिथल्या डॉक्टरांना भेटावे. "पैसे अडकले आहेत, यातले कोणते औषध इथे मिळेल? नसेल तर त्याच गुणाचे दुसरे कोणते?" असे स्पष्ट विचारावे. विकतच घ्यावे लागले तर जनऔषधी केंद्रात तेच औषध जेनेरिक नावाने स्वस्तात मिळते. घरात किमान १५ दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढची सोय बघावी. पाकीट रिकामे झाल्यावर धावपळ सुरू केली तर उशीर होतो.

अडले कुठे, ते ओळखा

औषधाची सोय झाली की शोध सुरू करावा. पहिला प्रश्न शेजारच्या लाभार्थ्याला विचारावा : "तुमचे आले का?" या साध्या प्रश्नाला मोठा अर्थ आहे. गावात कोणाचेच आले नसतील तर शासनाकडून निधी यायला उशीर आहे. तिथे एकट्याने बँकेत भांडून उपयोग नाही. बाकीच्यांचे आले आणि आपलेच नाही, तर अडचण आपल्या नोंदीत आहे, आणि ती शोधता येते.

पूर्वी तहसील कार्यालयातून बँकेला यादी जायची आणि खात्यात पैसे पडायचे. डिसेंबर २०२४ पासून ही रक्कम डीबीटी पद्धतीने, म्हणजे शासनाकडून थेट आधार क्रमांकाला जोडलेल्या खात्यात, येऊ लागली. मधले हात कमी झाले, पण आधारची नोंद चुकली की पैसे वाटेतच थांबू लागले. सहसा पुढील पाच ठिकाणी अडते.

१. खाते बदललेले असते. बँकेत आधार कार्डाची झेरॉक्स दिली म्हणजे काम झाले, असे आपल्याला वाटते. ते पुरेसे नसते. कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत पाठवायचे, याची नोंद एनपीसीआय या संस्थेकडे असते आणि एका आधारला तिथे एकच बँक असते. याला आधार सीडिंग म्हणतात. दुसऱ्या योजनेसाठी नवे खाते उघडले आणि फॉर्मवर सही केली, तर ही नोंद नव्या बँकेकडे जाऊ शकते. मग पैसे नव्या खात्यात पडत राहतात आणि आपण जुने पासबुक भरून घेत बसतो. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिले की सध्या कोणती बँक आहे ते कळते. त्यासाठी आधारला मोबाईल क्रमांक जोडलेला हवा. तालुक्याच्या सेतू केंद्रात किंवा घरातल्या शिकत्या मुलाकडून हे पाहून घ्यावे.

२. खाते झोपलेले असते. केवायसी जुनी झाली किंवा खाते निष्क्रिय झाले की व्यवहार थांबतात. आधार, फोटो आणि पासबुक घेऊन शाखेत जावे. निष्क्रिय खाते पुन्हा चालू करण्यासाठी शुल्क घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

३. नावात फरक असतो. आधारवर एक नाव, पासबुकात दुसरे, तहसीलच्या नोंदीत तिसरे. 'शांताबाई' आणि 'शांता' हे आपल्यासाठी एकच माणूस, संगणकासाठी दोन. कोणते नाव कायम ठेवायचे ते ठरवून सगळीकडे तेच करून घ्यावे.

४. हयातीचा दाखला राहिलेला असतो. वर्षातून एकदा आपण हयात असल्याची नोंद द्यावी लागते. ती राहिली की अनुदान थांबते. दाखला दिल्याची पोच जपून ठेवावी.

५. दिव्यांग प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते. काही यूडीआयडी कार्डे ठराविक मुदतीची असतात. कार्डावरची तारीख आजच पाहावी. मुदत संपण्याच्या तीन-चार महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज करावा, कारण जिल्हा रुग्णालयात तपासणीची तारीख मिळायला वेळ लागतो.

अंगठा उमटत नसेल तर

कुष्ठरोगाने बोटे झिजलेल्या, हात आखडलेल्या किंवा आयुष्यभर मातीकाम केलेल्या माणसाचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. दृष्टिहीन व्यक्तीला कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप जमत नाही. यात तिचा दोष नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर निकाल देताना, डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसीची पद्धत दिव्यांगांना सुलभ करण्याचे आदेश दिले. "अंगठा येत नाही, परत जा" असे कोणी म्हटले तर दुसरा मार्ग मागावा. अंथरुणाला खिळलेल्या दिव्यांगांसाठी घरी येऊन बँकसेवा देण्याच्या सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच दिल्या आहेत. त्यासाठी शाखेत अर्ज द्यावा.

अंगठा लावून गावातल्या केंद्रावर पैसे काढताना छापील पावती घ्यावी. "उमटला नाही, पुन्हा लावा" असे म्हटले तर आधी पहिला व्यवहार झाला का ते पाहावे. ओटीपी, पासबुक किंवा एटीएम कार्ड कोणाच्याही हाती देऊ नये. "अडकलेले पैसे काढून देतो, इतके द्या" म्हणणारा फोन फसवणुकीचा असतो. कार्ड सावकाराकडे ठेवून उसने घेणे तर मुळीच नको. पैसे येतात तेव्हा ते आपल्या हाती राहत नाहीत.

तोंडी विचारू नका, लेखी द्या

तोंडी चौकशीची नोंद कुठेच राहत नाही. साध्या कागदावर पुढीलप्रमाणे अर्ज करावा :

*प्रति, मा. तहसीलदार (संजय गांधी योजना शाखा). विषय : दिव्यांग अनुदान न मिळाल्याबाबत. महोदय, मला ... महिन्यापर्यंत अनुदान मिळाले. ... महिन्यापासून मिळालेले नाही. माझे आधार ... बँकेतील खात्याशी जोडलेले आहे. पासबुक, आधार व यूडीआयडी कार्डाच्या प्रती सोबत आहेत. अनुदान कोणत्या कारणाने थांबले ते लेखी कळवावे, त्रुटी असल्यास दूर करण्याची संधी द्यावी आणि थकीत महिन्यांची रक्कम खात्यात जमा करावी. माझे औषधोपचार या रकमेवर अवलंबून आहेत.*

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती घरी ठेवावी. महिनाभरात उत्तर आले नाही तर तालुक्याच्या लोकशाही दिनात, तिसऱ्या सोमवारी, तोच अर्ज पोचेच्या प्रतीसह मांडावा. जिल्ह्याचा लोकशाही दिन पहिल्या सोमवारी असतो. माहिती अधिकार कायदा २००५ खाली "माझे अनुदान कोणत्या तारखेपासून, कोणत्या आदेशाने थांबले" अशी माहिती मागता येते. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. तरीही दाद लागली नाही तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते.

अर्ज देताना मान खाली घालण्याचे कारण नाही. बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता या अवस्थांत नागरिकाला सार्वजनिक साहाय्य मिळावे यासाठी राज्याने आपल्या कुवतीनुसार तरतूद करावी, असे संविधानाचा अनुच्छेद ४१ सांगतो. २०१६ च्या कायद्याचे कलम २४ याहून पुढे जाते : दिव्यांगांना दिले जाणारे साहाय्य इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावे. तहसीलच्या खिडकीवर आपण भीक मागायला उभे नसतो. बाबासाहेबांनी ज्या संविधानाला आकार दिला, त्याच्या भाषेत आपण बोलत असतो.

मनालाही सांभाळा

रोज बँकेत जाऊन रिकाम्या हाताने परतणारा माणूस आतून खचतो. झोप उडते, चिडचिड होते, "मी घरावर ओझे आहे" असे वाटू लागते. घरच्यांनी ही वाक्ये हसण्यावारी नेऊ नयेत. चौकशीसाठी आठवड्यातला एक वार ठरवावा; बाकीचे दिवस त्या विचाराला सुट्टी द्यावी. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे शांत बसून श्वासावर लक्ष ठेवण्याचा, म्हणजे आनापानाचा, सराव करावा. त्याने पैसे येणार नाहीत, पण अर्ज लिहायला लागणारे डोके शांत राहील. जगणे नको वाटण्यापर्यंत मन गेले तर १४४१६ या टेलीमानस क्रमांकावर मोफत बोलता येते. तिथे मराठीतही बोलता येते.

विहार समितीने एवढे करावे

एकट्याने फिरण्यापेक्षा दहा जणांनी मिळून गेलेले बरे. प्रत्येक विहारात एक वही ठेवावी. तीत वस्तीतल्या प्रत्येक दिव्यांग लाभार्थ्याचे नाव, शेवटचे अनुदान आलेला महिना, हयातीच्या दाखल्याची तारीख आणि यूडीआयडीची मुदत लिहावी. त्याच्या संमतीशिवाय आधार किंवा खाते क्रमांक वहीत घेऊ नये. महिन्यातून एका रविवारी शिकलेल्या मुला-मुलींनी बसून सीडिंग तपासावे, अर्ज लिहून द्यावेत. महिला मंडळाने छोटा औषध निधी ठेवावा. अनुदान लांबले तर त्यातून पंधरा दिवसांची गोळी द्यावी, पैसे आल्यावर परत घ्यावी. व्याज नाही, चिठ्ठी नाही.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने खंगलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि इतर भिक्खूंनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. भगवंतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मग त्यांनी संघाला समजावले की, तुम्हाला इथे आई-बाप नाहीत, तेव्हा एकमेकांची काळजी तुम्हीच घ्यायची आहे. आपल्या वस्तीत ज्याचे अनुदान थांबले आहे, त्याच्या घरी या रविवारी कोणीतरी जावे. आधी गोळ्यांचे पाकीट पाहावे, मग पासबुक.

नमो बुद्धाय, जय भीम!